ती हळू चालत होती

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. माझा रोजचा नेम आहे. ज्या तोंडाने देवाचं नाव घेते, त्याच तोंडाने खोटं सांगायची माझी छाती नाही.

हे माझ्या मावसबहिणीच्या डोळ्यांदेखत घडलं. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. जुन्या सिनेमांच्या एका संग्रहालयात ती रिळं दुरुस्त करायच्या विभागाची प्रमुख आहे. हिवाळ्यातली शुक्रवारची संध्याकाळ होती आणि जागा होती संग्रहालयाचं तळमजल्यावरचं छोटं थिएटर.

ते थिएटर आता बंद आहे. ‘दुरुस्तीसाठी’, असा कागद दारावर चिकटवलाय.

कसली दुरुस्ती, ते ताईला विचारा...

तिथे जगभरातून मूकपटांचे डबे येत. बंद पडलेल्या थिएटरांच्या माळ्यांवरून, कुठल्या तरी परक्या म्हाताऱ्याच्या तळघरातून. सिनेमा कुणाचा, त्यातली माणसं कोण, कशाचा पत्ता नाही. ताई ती रिळं हलक्या हाताने उलगडायची, फाटलेल्या कडा सांधायची, नवी प्रत काढायची.

आणि फोटोला उभे राहायचे संचालक.

त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं नाही असं मी ठरवलंय, म्हणून थोडक्यात सांगते. गृहस्थ आधी कंपन्यांच्या मेजवान्यांत सूत्रसंचालन करायचे. कुणाच्या तरी ओळखीने त्या खुर्चीत येऊन बसले. डब्याचं झाकण कुठून उघडायचं हेही त्यांना दाखवावं लागे. पण फोटोत डबा त्यांच्याच हातात. गळ्यात मफलर, आणि चेहऱ्यावर असा भाव की स्वतः समुद्रात बुडी मारून तो वर काढलाय! ताईने त्यांचं नाव ठेवलं होतं शोधसम्राट.

हे एक रीळ आलं, त्याच्या डब्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. आत एकच प्रसंग होता. लांबलचक व्हरांडा. कॅमेऱ्याजवळ एक ठिबकणारा नळ, खाली बादली. पार पलीकडच्या टोकाला दार. दार उघडतं आणि एक बाई बाहेर येते. छातीशी कापडात गुंडाळलेलं काहीतरी धरलेलं. ती कॅमेऱ्याकडे चालू लागते... मधल्या खांबापाशी पोचते... आणि रीळ संपतं.

पहिल्यांदा लावलं तेव्हा मशीन नेहमीच्या वेगावर होतं. बाई तुरुतुरु, झोके खात निघाली.

"बदक निघालं बाजाराला!" ताई म्हणाली. शोधसम्राट तर मांडीवर थाप मारून हसले.

ताईही हसली. एकदाच.

मग ती कामाला लागली. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचे, तोही हळू. आजच्या वेगाने दाखवलं की माणसं पळत सुटतात. खरा वेग सापडायला चित्रातलीच एखादी गोष्ट धरावी लागते, जी कॅमेरावाल्याच्या हातात नाही. ताईने नळ धरला. थेंब कुणासाठी घाई करत नाही. मशीनचं बटण ती कमी कमी करत गेली, पडद्यावरचा थेंब घरच्या नळाच्या थेंबासारखा पडेपर्यंत.

मग बाई पुन्हा दारातून बाहेर आली.

आता ते बदक नव्हतं.

पाऊल जड होतं. उचललं जात नव्हतं. हातात बाळ होतं. ताईने स्वतः मुलं वाढवली आहेत. तिने बाळाचं डोकं बघितलं, बाईचा हात बघितला आणि तिला कळलं. झोपलेल्या बाळाला कुणी असं धरत नाही...

ती तडक शोधसम्राटांच्या खोलीत गेली. या रिळाचं हसू होऊ द्यायचं नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

"शुक्रवारचा खेळ हळू वेगातच होईल, साहेब. ती मेलेलं मूल घेऊन चाललीय."

"शंभर वर्षांपूर्वी, मॅडम! आता कोण रडतंय? लोक शुक्रवारचे दमूनभागून येतात, जरा हसू द्या की त्यांना."

"हसायला तुमचं भाषण आहे ना आधी."

शोधसम्राटांनी मफलर सारखा केला. "पूर्वीचाच स्पीड. माझी ऑर्डर आहे."

त्याच दुपारी त्यांनी पाहुण्यांना रीळ वेगात दाखवलं. पाहुणेही त्यांच्याच जातकुळीचे. खो खो हसले.

ताईचं लक्ष खांबाकडे होतं.

बाई खांब ओलांडून पुढे आली होती.

रीळ तेच, लांबी तीच. ताईने ते उजेडाच्या टेबलावर धरून शेवट तपासला. तिथे बाई खांबापाशीच होती. मशीनवर पुन्हा लावलं. वेगात. बाई खांब सोडून आणखी पुढे... बादलीच्या जवळ.

आणि मग आवाज आला.

टप्...

मुक्या सिनेमाला आवाज कुठला? ताईने मशीन बंद केलं. भिंती चाचपल्या. त्या अख्ख्या मजल्यावर नळ नाही.

ती पुन्हा वर गेली. "साहेब, वेगात लावू नका. ती पुढे येतेय."

"येऊ दे की! पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवतो."

आपल्याच विनोदावर इतका वेळ हसणारा माणूस तिने दुसरा बघितला नव्हता.

शुक्रवारी थिएटर भरलं. कसली माणसं सांगू? मुक्या सिनेमाला यायचं आणि स्वतः गप्प बसायचं नाही. कुणी फोनवर, कुणी पॉपकॉर्नच्या पिशवीत. शोधसम्राटांनी ‘मी कसा शोधला’ याचं लांबण लावलं. शेवटी अंधार झाला.

ताईने हळू वेग लावला.

दार उघडलं. बाई निघाली. एक पाऊल... दुसरं पाऊल... पॉपकॉर्नची कुरकुर थांबली. पुढच्या रांगेतल्या एका बाईने तोंडावर हात ठेवला. पडद्यावरची बाई खांबाच्या बरीच मागे, दाराच्या बाजूलाच होती, जिथे असायला हवी तिथेच.

आवाज नव्हता.

ताईला वाटलं, जमलं.

तेवढ्यात मशीनच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. शोधसम्राट. धापा टाकत.

"मला तोंडघशी पाडायचंय का? वाढवा!"

"माझा हात लागणार नाही."

"बाजूला व्हा."

ताई बाजूला झाली. भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मागे बटण फिरल्याचा आवाज झाला, आणि थिएटरात हशा उसळला.

टप्.

टप् टप्.

टपटपटपटप...

शोधसम्राट पडद्याकडच्या छोट्या खिडकीला नाक लावून उभे होते. "बघा, बघा! आली की! अहो, नळापर्यंत आली! आता हे काय... कापड काढतेय... दाखवतेय मला..."

मग बाहेर टाळ्या.

ताई वळली. रीळ केव्हाच संपलं होतं. त्याचं सुटलेलं टोक चाकावर फडफडत होतं. पडदा कोरा, पांढरा. लोक उठायला लागले होते.

शोधसम्राट अजून बघत होते.

हसत होते. खांदे हलत होते, तोंड उघडत होतं, मिटत होतं...

आवाज येत नव्हता.

घसा ठणठणीत आहे, म्हणतात डॉक्टर. पण त्या दिवसापासून त्या माणसाच्या तोंडून शब्द फुटलेला नाही. आणि चालतात कसे माहीत आहे? तुरुतुरु. झोके खात. पाण्याचा पेलासुद्धा झटक्या-झटक्याने तोंडाला लावतात. रस्त्यात मुलं त्यांच्यामागे नक्कल करत पळतात. मोठी माणसं तोंड फिरवून हसतात. त्यांच्या कार्यक्रमांना पुढच्या रांगेत बसणारी होती, तीच.

मी हसत नाही. रोजच्या नेमात त्यांच्यासाठीही दोन शब्द मागते. याहून जास्त माझ्याने होत नाही.

ताईने ते रीळ पुन्हा टेबलावर धरून बघितलं. व्हरांडा आहे. नळ आहे, बादली आहे. पलीकडचं दार उघडं आहे.

त्यात कुणीच नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

गेल्या आठवड्यात मी ताईकडे गेले होते. स्वयंपाकघरात बसलो होतो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मीही हसले होते गं. एकदाच."

"तू अडवलंस ना नंतर? विसर आता ते."

"तिने विसरायला पाहिजे ना."

टप्...

"वायसर बदल त्या नळाचा," मी म्हटलं.

"दोनदा बदलला. नळच नवा बसवलाय." तिने कान दिला. "अजून हळू आहे."

निघताना मी स्वतः नळ घट्ट पिळला. तळव्यावर वळ उठला, एवढा घट्ट. मग दारात येऊन चपला घातल्या.

आतून आवाज आला... टप्... टप्... टप् टप्...

ताई उंबऱ्यात उभी राहून मला काहीतरी सांगत होती. भराभर. ओठ हलत होते तिचे.

मला मात्र फक्त नळ ऐकू येत होता.