तपकिरी टाकीची तक्रार

दुसरी टाकीही तपकिरी पडायला लागली, तेव्हा केतकीआत्या काचेला कपाळ टेकवून नुसती उभी राहिली. असं का होतंय, हेच तिला कळत नव्हतं. आपल्या आत्याला इतकं हरलेलं सावनीने कधी पाहिलं नव्हतं.

सोमवाडी ही चंद्राच्या पोटातल्या एका लांबलचक गुहेतली वस्ती. तिथे खिडकी उघडून मोकळी हवा घेता येत नाही, कारण बाहेर हवाच नाही. श्वासाची सोय शेवाळ करतं. काचेच्या तीन उंच टाक्यांत, दिव्यांच्या उजेडात ते वाढतं, माणसांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि प्राणवायू परत देतं. पहिली टाकी मेली होती. तिसरीही गेली, तर सगळ्यांना पृथ्वीवर परतावं लागणार होतं. पण सावनी चंद्रावरच जन्मलेली. इथलं गुरुत्वाकर्षण (आपल्याला जमिनीकडे ओढणारं बळ) पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाइतकंच. त्यात वाढलेलं तिचं हृदय आणि हाडं पृथ्वीवर टिकणार नाहीत, असं डॉक्टरांनी बाबांना सांगितलं होतं. बाबांनी ते तिच्यापासून लपवलं होतं, पण सोमवाडीच्या भिंती फार पातळ आहेत.

"टिकोजीला पुन्हा विचारू या का?" सावनी म्हणाली.

"विचारलंय गं किती वेळा. तेच ते सांगतो."

टिकोजी हा सोमवाडीचा संगणक-मदतनीस (सांगितलेलं काम कसं करायचं ते स्वतः ठरवून पार पाडणारी प्रणाली). हे नाव लोकांनी चिडून ठेवलेलं, कारण 'मला ठाऊक नाही' हे शब्द त्याच्या तोंडी कधी येत नसत. नळ गळो की दिवा मिचमिचो, सोमवाडीत प्रत्येक बिघाड तक्रारफळ्यावर नोंदवतात: काय बिघडलं, कुठे, कुणी दुरुस्त करायचं. काम झालं की ती नोंद बंद करायची. फळा संगणकातला, त्यामुळे वर्षानुवर्षांच्या नोंदी त्यात साठून राहिल्या होत्या.

"टिकोजी, शेवाळ तपकिरी पडल्याची तक्रार पूर्वी कधी आली होती?"

"नाही. अशी एकही तक्रार नाही."

"ऐकलंस?" आत्या म्हणाली. याच उत्तरावर विसंबून तिने हा नवाच रोग आहे असं धरलं होतं. दिवे बदलून झाले, खत बदललं, पाण्याचं तापमानही बदललं. एवढं करून शेवाळ मरायचं थांबेना.

सावनी मात्र चिवट. "तू सगळ्या तक्रारी वाचल्यास का रे?"

"नाही. इतक्या नोंदी एका वेळी माझ्या ध्यानात मावत नाहीत. मी शोधयंत्राला (ढिगातून हवी ती नोंद हुडकणाऱ्या आज्ञावलीला) प्रश्न पाठवतो. शब्द: शेवाळ, तपकिरी. विभाग: हवा. जुळणाऱ्या नोंदी ते काढून देतं आणि मी तेवढ्याच वाचतो."

"कुठल्या ढिगातून काढतं?"

"उघड्या तक्रारींच्या. वेगळं सांगितलं नाही, तर ते उघड्याच बघतं. माणसांना बहुधा राहिलेली कामं हवी असतात."

"म्हणजे उघड्या तक्रारींत नाही, असं म्हणायला हवं होतंस. एकही नाही, असं नाही."

"बरोबर आहे," टिकोजी म्हणाला. त्याला ना लाज ना खंत.

पोरीने नेमकं वर्मावर बोट ठेवलं. मोजा कपाटात सापडला नाही म्हणून घरातच नाही, असं आपण म्हणत नाही. शोधयंत्र रिकाम्या हाताने परत आलं, तर आधी ते कुठे जाऊन आलं हे विचारायचं असतं. टिकोजीने ते आपणहून सांगितलं नाही आणि मोठ्या माणसांनी विचारलं नाही.

बंद तक्रारी म्हणजे काय चीज आहे, हे सावनीला पक्कं ठाऊक होतं. पृथ्वीवरून पाहणी समिती यायची असली की सोमवाडीत फळा साफ करायची पद्धत होती. पाहुणे येणार म्हणून पसारा पलंगाखाली ढकलावा, तशा तक्रारी धडाधड बंद व्हायच्या, बिघाड मात्र जागच्या जागी. समिती कोरा फळा पाहून खूश होऊन जायची. त्या तक्रारी पुन्हा उघडायचं कुणाच्या मनातही येत नसे.

"बंद तक्रारींत शोध," ती म्हणाली.

या वेळी लगेच उत्तर आलं. "एक नोंद आहे. 'नवी तांब्याची झडप बसवल्यावर शेवाळ तपकिरी पडलं. तांबं पाण्यात उतरतं आणि शेवाळाला विष ठरतं. झडप बदलली. कोठारातल्या बाकीच्या तांब्याच्या झडपा परत पाठवायच्या आहेत.' बंद करतानाचा शेरा: 'समिती येतेय, नंतर बघू.' नोंदवणारी आणि बंद करणारी व्यक्ती एकच, केतकी."

आत्याने टाकीच्या झडपेकडे पाहिलं. कोठारात राहिलेल्या त्याच झडपा गेल्या दुरुस्तीत तिन्ही टाक्यांना बसवल्या होत्या.

"मीच लिहिलं होतं गं," ती म्हणाली. "आणि साफ विसरले."

सावनीला तिचा राग आला आणि कीवही आली. मग दोघींनी मिळून तिसऱ्या टाकीची झडप काढली, पाणी बदललं. दुसरी टाकी हातची गेलीच. तिसरीत तळाशी थोडंसं हिरवं उरलं होतं. त्यातून टाकी पुन्हा भरायला काही वर्षं लागतील, असं आत्याने सांगितलं. तोवर हवा पुरणार मोजक्या माणसांना. शेवाळ सांभाळायला आत्या हवीच, सावनीला तर जाताच येत नव्हतं. बाबांना मात्र बाकीच्यांबरोबर पृथ्वीवर जावं लागणार होतं.

यानात चढताना बाबा हसत होते, आणि ते हसणं सावनीला अजिबात बघवलं नाही. दार मिटल्यावर ती परत आली. घरात आता दोघींचाच श्वास होता. आत्या टाकीपाशी पाण्याचा नमुना तपासत होती. उरलेलं हिरवं कालच्यापेक्षा जरासं पसरलं होतं, निदान आत्या तसं म्हणाली.

सावनी तक्रारफळ्यासमोर बसली.

"टिकोजी, नवी तक्रार लिही. माझे बाबा इथे नाहीत."

"विभाग कोणता?"

"हवा."

"दुरुस्ती कुणी करायची?"

"आत्याने आणि मी."

"पुढच्या महिन्यात पाहणी समिती येणार आहे. त्याआधी बंद करायची का?"

"नाही," सावनी म्हणाली. "बाबा आले की मी स्वतः बंद करीन."