कोऱ्या पट्टीचा दाखला

वेल्डिंगच्या जोडातली केसाएवढी भेग डोळ्यांना दिसत नाही. तिला रंग पाजावा लागतो. पातळ तांबडा द्रव पत्र्यावर लावायचा, वीस मिनिटं मुरू द्यायचा, पृष्ठभाग पुसून कोरडा करायचा आणि त्यावर पांढरी भुकटी फवारायची. भेगेत शिरलेला रंग दहा मिनिटांत पांढऱ्यावर फुटून येतो. धातू निर्दोष असेल तर पांढरं पांढरंच राहतं. एकोणीस वर्षं मी हे काम करते आहे, आणि माणसांच्या शब्दापेक्षा या परीक्षेवर माझा विश्वास अधिक आहे.

धाकट्याने मला त्यासाठीच बोलावलं होतं. माझा हा भाऊ पोलादी पत्र्यांत अक्षरं कापतो. ती कोणत्याही भाषेची नसतात. जाणकार मात्र त्यांत गुप्त संदेश शोधत बसतात. नवा पत्रा चार मीटर लांब होता आणि प्रदर्शनाच्या दालनात छातीच्या उंचीवर टांगलेला होता. खालची वीतभर रुंद पट्टी त्याने कोरी सोडली होती, कारण टांगणीचे आधार तिच्या मागे जोडलेले होते. ते सुरक्षित असल्याचा दाखला मी द्यायचा होता. चार वाजता उद्घाटन होतं, आणि आई येणार होती.

"यात लिहिलंय काय रे?" पट्टीवर फवारा मारता मारता मी विचारलं.

"काही नाही, ताई. वाचता आलं तर लोक क्षणात पुढे जातील. येत नाही म्हणून तासभर उभे राहतात."

"लबाड आहेस."

"कलावंत म्हण. तेवढाच मान."

सातव्या मिनिटाला डाव्या टोकाशी एक तांबडी रेघ उमटली. मी तिला भेग समजून मोजपट्टी लावली. मग दुसरी उमटली. अर्धचंद्र, त्याच्या पोटात दोन ठिपके. भेगा ठिपके देत नाहीत.

ती खूण मी वयाच्या दहाव्या वर्षी शोधली होती. मोठ्यांना कळू नये म्हणून आम्ही दोघांनी लहानपणी तयार केलेल्या लिपीतली ती पहिली खूण. उरलेली अक्षरं एकामागून एक वर आली, आणि मला ती वाचता आली.

'यंत्र बंद करण्याच्या कागदावर मी सही केली. आईला सांगू नकोस.'

अकरा वर्षांपूर्वी बाबांच्या श्वासाचं यंत्र बंद करायला मी संमती दिली. आईला सांगितलं, ते आपोआप गेले. खरं काय ते फक्त धाकट्याला, तो दूर असताना, याच लिपीत लिहून कळवलं होतं. हेच शब्द होते.

"पत्र जाळलं म्हणाला होतास."

तो जवळ आला. वाचताना त्याचे ओठ हलले आणि तसेच थांबले. "जाळलंच होतं."

"मग हे कुणी कोरलं?"

"या पट्टीला मी हातही लावलेला नाही. आईची शपथ."

"तिची शपथ घेऊ नकोस. केसाने गळा कापलास माझा."

"ताई, ऐक तरी—"

मी ऐकलं नाही. भिंग काढलं. पत्रा कापला की कडेला खरखर राहते, उष्णतेचा निळसर डाग राहतो. इथे दोन्ही नव्हतं. पत्रा लाटताना धातूत जे धागे पडतात, ते अक्षरांपाशी तुटलेलेही नव्हते. पाणी दगडाला वळसा घालतं तसे ते प्रत्येक अक्षराला वळसा घालून गेले होते. म्हणजे पत्रा लाटला गेला तेव्हा अक्षरं तिथे होती.

हे मी कुठेही नोंदवलं नाही. भुकटी पुसली. पट्टी पुन्हा कोरी झाली. दाखल्यावर लिहिलं : 'दोष आढळला नाही.' एकोणीस वर्षांतला माझा पहिला खोटा दाखला.

चार वाजता आई आली. गर्दी वरच्या अक्षरांकडे बघत होती. आई पट्टीसमोर थांबली.

"तिथे कोरं आहे, आई. वर बघ."

तिने पोलादावर बोट टेकलं.

"तुमची ही लिपी येते मला," ती म्हणाली. "दप्तरं कोण आवरत होतं तुमची?"

बोट डावीकडून उजवीकडे सरकू लागलं, सावकाश, एकेका खुणेवर थबकत. मग थांबलं.

"म्हणून त्या दिवशी मला आंघोळीला घरी पाठवलंस होय."

धाकट्याने मान फिरवली.

"विचारलं असतंस तर हो म्हटलं असतं गं मी. पण त्यांच्याजवळ बसून म्हटलं असतं."

तिचा आवाज चढला नाही. चढायला हवा होता.

बोट पुन्हा सरकलं. सकाळी शेवटचं तांबडं अक्षर जिथे उमटलं होतं, ती जागा मागे पडली.

"शेवटी ह्यांनी डोळे उघडले होते?"

बाबांनी डोळे उघडले तेव्हा डॉक्टर पाठमोरे होते. खोलीत आणखी कुणी नव्हतं. हे मी पत्रात लिहिलं नव्हतं. धाकट्याला सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही.

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. तिचं बोट पुढे जात राहिलं. पट्टी अजून दोन हात शिल्लक होती.