अर्धी पडणारी सीट

"गाडी कोणती घ्यायची ते धाकटी ठरवेल," बाबा म्हणाले आणि तीन गाड्यांची यादी लिहिलेला कागद त्यांनी ताईच्या समोरून उचलून धाकटीच्या ताटाशेजारी ठेवला.

ताईच्या ओठांत टाचण्या होत्या. जेवणाच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून ती एका दवाखान्याच्या पडद्यांना दुमड घालत होती, आणि तोंडात टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही, ही सोय तिने फार वर्षांपूर्वी शोधून काढली होती. पडदे ती शिवायची. धाकटी घरोघरी जाऊन खिडक्या मोजायची, दांड्या बसवायची, गोड बोलून पुढचं काम आणायची. आजवर पडद्यांचे गठ्ठे आणि लांबलचक दांड्या भाड्याच्या टेम्पोतून जात, आणि तो टेम्पोवाला स्वतःच्या लहरीप्रमाणे उगवत असे. म्हणून आता स्वतःची गाडी घ्यायची होती. नवी परवडणार नव्हती. वापरलेली, पण लांब पाठीची स्टेशन वॅगन, मागचं दार वर उघडलं की सगळा संसार आत ढकलता यावा अशी. पैसे दोघींच्या कष्टांचे... आणि निवड मात्र एकटीची!

तसं हे नवं नव्हतंच. बाबा एका कारखानदाराकडे एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. सुट्टीच्या दिवशी गाडी धुऊन झाली की मालकांच्या परवानगीने ते मुलींना एक चक्कर मारून आणत. धाकटी टुणकन पुढे, बाबांच्या शेजारी. ताईसाठी मात्र बाबा मागचं दार उघडत, तिला आत बसवत आणि दार लावून घेत. पुढे बडबड चालायची, गिअर म्हणजे काय, क्लच म्हणजे काय; आणि मागे एकटी बसलेली ताई त्या दोन पाठमोऱ्या डोक्यांकडे बघत राहायची. पुढे आई गेली, सोळाव्या वर्षी ताईने शाळा सोडून आईचं शिलाई मशीन पुढ्यात ओढलं, आणि त्याच मशीनवर धाकटीचं शिक्षण झालं. धाकटी अठरा वर्षांची झाली तशी बाबांनी तिला गाडी शिकवली. एकदा धीर करून ताई म्हणाली होती, "मलाही शिकवा ना, बाबा." तर ते म्हणाले, "तुला कशाला? तुझ्यावर ती वेळ येऊ नये." मत्सराचं एक बरं असतं, त्याला खाऊपिऊ घालावं लागत नाही, असं एखादं वाक्य त्याला वीस वर्षं पुरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं जुन्या गाड्यांच्या आवारात पोचली. विक्रेत्याच्या डोक्यावर उन्हाची टोपी होती आणि तोंडात साखर. पहिली गाडी पांढरी. इंजिनचा आवाज एकसारखा, टायर बरे, किंमत आवाक्यात. ताईने टेप काढून मागची जागा मोजली. सीट पाडली की गठ्ठे काय, एखादा पलंगही मावला असता.

"हीच घ्यावी," ती म्हणाली. दोन दिवसांत गाडीबद्दल तिने काढलेला हा पहिला शब्द.

बाबांनी मागची सीट पाडली, पुन्हा उभी केली आणि मान हलवली. "नको. सीट अख्खी पडते."

"अख्खीच पडायला हवी ना? सामान न्यायचंय."

"नको म्हटलं ना."

बाबांनी तिच्याकडे बघितलंही नाही. ते धाकटीला घेऊन शेजारच्या राखाडी गाडीकडे गेले आणि दोघांची डोकी बॉनेटखाली एकत्र झाली. पुन्हा तीच दोन पाठमोरी डोकी! ताईचे डोळे भरून आले. आपलं मोजमाप, आपलं मत, आपली वीस वर्षं... कशालाच किंमत नाही का या घरात?

राखाडी गाडी दिसायला छानच होती. धाकटी तिच्यावर भाळलीच होती. आतलं कापड कोरं, सीटची कव्हरं नवी. ताई मागचं दार उघडून वाकली. कापड दिसलं की तिचा हात आपोआप तिथे जाई. डिकीतल्या गालिच्याची कड नुकतीच शिवलेली होती आणि तीही घाईने, टाका मोठा टाकून. सगळं एवढं नवं कशाला? तिने मागचा सीटबेल्ट धरला आणि ओढत ओढत पार शेवटपर्यंत बाहेर काढला, पट्टीचा पोत बघायची तिची नेहमीची सवय. शेवटच्या हातभर पट्टीवर मातकट डाग होता आणि त्याची कड आखल्यासारखी सरळ. तिथवर पाणी चढलेलं होतं! ही गाडी कुठेतरी पुरात बुडून आली होती.

ताईने इकडेतिकडे पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. तिने पट्टा सोडला आणि तो सरसरत आत गेला.

घेऊ दे, तिच्या मनात आलं. एकदा तरी या लाडकीची निवड चुकू दे. भर रस्त्यात बंद पडू दे गाडी, मग बाबांना कळेल कुणाचं ऐकायला हवं होतं... तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी ती ओठ मिटून उभी राहिली.

"घेऊ या हीच," धाकटी म्हणाली. विक्रेता लगबगीने पावतीपुस्तक घेऊन आला. धाकटीने पर्स उघडली.

"थांब, एक बघायचं राहिलं," बाबा म्हणाले. त्यांनी मागची अर्धी सीट पाडली, ड्रायव्हरच्या मागची. उरलेली अर्धी तशीच उभी राहिली. मग ते वळसा घालून दुसऱ्या बाजूला आले, दार उघडलं, दाराच्या वरच्या कडेवर तळहात धरला, तिचं डोकं आपटू नये म्हणून, अगदी लहानपणी धरायचे तसाच. "बस गं ताई. पाय नीट मावतात का बघ."

विक्रेता हसला. "आजोबा, तिथे कशाला? मागे सामान राहू द्या, ताई पुढे बसतील की."

"पुढे?" बाबांचा सुरकुतलेला चेहरा ताठ झाला. "पुढे आम्ही ड्रायव्हर लोक बसतो. एकतीस वर्षं गाडी चालवलीय मी. मालक कुठे बसतात ते मला शिकवू नका. माझ्या घरची मालकीण ही आहे. हिने मशीन चालवलं म्हणून चूल पेटली. हिची जागा ड्रायव्हरच्या तिरकी मागे. ती जागा जाते म्हणूनच पांढरी नको म्हटलं."

ताई आत बसलेली होती. बाबांचा हात अजून दाराच्या कडेवर होता. त्या हाताकडे बघता बघता तिच्या अंतःकरणात कितीतरी सुट्टीचे दिवस उलटेपालटे झाले... आपल्याला मागे टाकलं नव्हतं. या माणसाला जगात जी सगळ्यात मानाची जागा ठाऊक होती, तिथे त्याने आपल्याला नेऊन बसवलं होतं. तुझ्यावर ती वेळ येऊ नये, ते याच मायेपोटी! आणि आपण?

"पैसे देऊ नकोस," ती म्हणाली. तिने पट्टा धरून शेवटपर्यंत ओढला आणि डाग सगळ्यांसमोर धरला. "गाडी बुडालेली आहे."

विक्रेत्याच्या तोंडातली साखर विरघळली. धाकटी डागाकडे बघत राहिली. "तुला कधी दिसलं?"

"मघाशीच." ताईने मान खाली घातली. "बोलले नाही. तुझी निवड चुकावी असं वाटलं मला. फार वर्षं वाटतंय तसं. तू बाबांच्या शेजारी, मी मागे..."

धाकटी रागावेल असं तिला वाटलं होतं. पण धाकटीच्या डोळ्यांतूनच घळघळा पाणी वाहू लागलं.

"मला तुझा किती हेवा वाटायचा माहीत आहे?" ती म्हणाली. "माझ्यासाठी बाबांनी एकदाही दार उघडलं नाही गं, ताई. मी आपली धावत जाऊन पुढे बसायचे."

"अगं पोरींनो..." बाबा एवढंच म्हणाले.

शेवटी घेतली ती यादीतली तिसरी, शेवाळी रंगाची. उन्हाने रंग उडालेला, एक काच हाताने फिरवून खाली करावी लागणारी. पण पट्टे शेवटपर्यंत स्वच्छ, सीट अर्धी पडणारी, आणि पैसे उरले त्यात दोन टायर नवे आले.

पहिल्या फेरीला दवाखान्याचे पडदे चढवले, दांड्या आत सरकवल्या. बाबांनी सवयीने मागचं दार उघडलं आणि कडेवर हात धरला. ताईने तो हात हळूच खाली घेतला, आपला तिथे ठेवला.

"आज तुम्ही बसा."

"मी? मागे?"

"बसा, बाबा."

आयुष्यात पहिल्यांदाच ते मागे बसले. अगदी कडेला, पाहुण्यासारखे, आणि रिकाम्या हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. ताईने दार लावलं आणि ती पुढे धाकटीशेजारी जाऊन बसली. धाकटीने आरसा वळवला. आरशात बाबा डोळे पुसत होते.

"आरशात मागच्या माणसाकडे बघायचं नसतं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "नजर रस्त्यावर ठेव."