चितारलेली खिडकी

आमच्या मोर्वालच्या घराला अंगणाकडून ज्या खिडक्या दिसतात, त्यांतली एक खोटी. खिडक्यांवर कर होता त्या काळी खापरपणजोबा आन्सेल्मनं वरच्या मजल्यावरची खिडकी विटांनी बुजवली. घर काणं दिसू नये म्हणून तिथं हिरव्या झडपांची खिडकी चितारून घेतली. चिताऱ्यानं झडपा उघड्या काढल्या. झालं, तेव्हापासून घरातली बाई तिन्हीसांजेला बाकीच्या झडपा लावते आणि अंगणात उभी राहून त्या चित्राला म्हणते,

"दिवस गेला नदीपार,
मीट गं बाई, मीट दार."

लहानपणी ते गोड वाटायचं. यंदा डोकं उठलं. आईची छाती भरलेली. या ओलीत आणखी एक हिवाळा काढलात तर पुढचा दिसायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. लिमोजला माझ्याकडे खोली तयार, आणि बाईसाहेबांचं एकच पालुपद.

"ती उघडी असताना मी कशी येऊ, एव्हारिस्त?"

"आई, ते चित्र आहे."

"मग मिटलेलं चित्र काढ."

काढलं. फिर्मां रंगाऱ्याला शिडीवर चढवला.

"भिंत उबदार लागतेय रे," तो वरून म्हणाला.

"उन्हानं."

"नोव्हेंबरात? कुठलं ऊन दिसलं तुला?"

"फिर्मां, तू रंगव. भिंतीची नाडी नको बघूस."

तो उतरला तेव्हा झडपा मिटलेल्या होत्या. मधोमध एक बारीक काळी फट.

"ती फट मी काढली नाही," तो हळूच म्हणाला.

"मग बुजव."

तो पुन्हा चढला नाही. शिडी गाडीवर बांधली आणि कॉफीलाही न थांबता निघून गेला.

आईनं कोट चढवला. "निरोप घेऊन येते."

"कुणाचा? शेजारपाजार कालच झाला ना?"

ती अंगणात गेली. मी सामान भरलं. थांबलो. वैतागून भोंगा वाजवला.

ती आली. खोकला नव्हता. निमूट गाडीत बसली.

"झालं समाधान?"

"माझं झालं. तिला सांगितलंय, मुलगा येत जाईल."

पट्टा लावून द्यायला मी तिच्याकडे वाकलो. तिच्या दोन्ही गालांवर, आमच्याकडे निरोपाचे मुके घेतात तिथं, हिरवा रंग ओला होता.