बेलचा दिवा

"माझाच लॅपटॉप, माझाच हा चिपचा बोर्ड, आणि जोडायची परवानगी मलाच नाही..." वाचनालयातल्या कोपऱ्यात ती स्वतःशीच पुटपुटली.

शेजारच्या खुर्चीतून, मान वर न करता, कुणीतरी म्हणालं, "सासरीसुद्धा असंच असतं म्हणतात."

"तुम्ही नांदून आलात वाटतं?"

आता मान वर झाली. डोळे हसरे, नखांत ग्रीसचा काळेपणा. लिफ्ट दुरुस्त करणारा होता तो. "लॅपटॉपवर लिनक्स आहे ना? बोर्ड जोडायच्या पोर्टला हात लावायची मुभा असलेल्यांच्या गटात आपलं नाव घालायचं. मग एकदा लॉग-आउट करून परत आत यायचं... त्याशिवाय लॅपटॉपला पटत नाही."

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. हा चिपचा नाद कशासाठी, ते ती कुणाला सांगत नसे. त्याला मात्र सांगून बसली. बाबांनी जन्मभर लोकांची वाद्यं सुरात लावून दिली. हल्ली दारावरची बेल वाजली तरी ते उठत नसत. "लक्ष नसतं त्यांचं," आई म्हणे. खरा शब्द घरात कुणी काढत नसे. बेलबरोबर उजळणारा दिवा करायचा होता तिला—पण बाबांच्या मनाला लागू न देता.

काचेवरून पावसाचे थेंब ओघळत होते. तो ते पाहत राहिला.

"प्रोग्रॅम लिहायला काय घेऊ?" तिने विचारलं. "इंटरनेटवर जो तो आपलंच घोडं पुढे दामटतो."

"या बोर्डाबरोबरचं अर्डुइनोचं साधं सॉफ्टवेअर सगळं ताटात वाढून देतं. त्याहून मोठी आहेत, मागाल ते देतात, पण मांडामांडच फार. नाहीतर काळ्या पडद्यावर हाताने आज्ञा लिहायच्या."

"तुम्ही काय वापरता?"

"काळा पडदा."

"आणि मला?"

"साधं. आपली हौस नंतर. बाबा कुणाच्या तरी येण्याची वाट बघत असतील."

तिने मान खाली घातली. डोळे भरले होते.

दिवा बसवायला तोच घरी आला. बसवून झाल्यावर त्याने बाहेरून बेल दाबली, खोलीत उजेड झाला. बाबांनी दिव्याकडे बराच वेळ पाहिलं, उठले, दार उघडलं.

मग दर रविवारी तो येऊ लागला. कधी दिवा फार वेळ जळे, कधी नुसता लुकलुके. खरं तर प्रोग्रॅममधला एक आकडा बदलला की झालं, आणि तो बदलणं तिला केव्हाच जमू लागलं होतं. शनिवारी तीच तो आकडा बिघडवून ठेवी. त्याच्याही ते ध्यानात आलं होतं. पण तो गंभीर चेहऱ्याने म्हणे, "अवघड आहे हो. वेळ लागेल."

एका रविवारी मात्र त्याने लॅपटॉप उघडलाच नाही.

"कंपनी बाहेरगावी पाठवतेय."

"किती दिवस?"

"सांगत नाहीत..."

"बरं," ती म्हणाली आणि वायर गुंडाळू लागली. उगाचच, पुन्हा पुन्हा. आई चहाचे कप घेऊन दारातच थबकली.

बाबा खुर्चीतून दोघांचे चेहरे पाहत होते.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले.

आईने कप तिथेच खाली ठेवले.

"येत नाही तर नाही. पण दिवा शनिवारी कोण बिघडवतं, ते दिसतं मला. हिचा जीव आहे तुझ्यावर, आणि तुझा हिच्यावर. आता काय ते एकमेकांशी बोला. मला काही ऐकू जायचं नाही."