पाल नामाओ

कोलकात्याजवळच्या बजबजच्या धक्क्यावरून आमची शिडाची होडी अंदमानला निघाली ती आमच्या नौकानयन क्लबच्या नव्या सफरीसाठी. मी, मधुवंती, मात्र निघाले होते गुरुदत्तवर सूड उगवायला.

गेल्या वैशाखात मी कप्तान असताना वादळात त्याने शीड उतरवलं नाही. डोलकाठी मोडून माझ्या भावाच्या, सलीलच्या, गुडघ्यावर पडली. आणि हा मालवणचा दीडशहाणा चौकशीत म्हणतो, कप्तानाने हुकूमच दिला नाही! माझं कप्तानपद गेलं. सलील अजून लंगडतो. यंदा क्लबने मला कप्तान म्हणून शेवटची संधी दिली, तेव्हा जोडीदार म्हणून मी गुरुदत्तलाच मागून घेतलं आणि डोलकाठीला कॅमेरा बांधला. मोड म्हणावं पुन्हा हुकूम, मग दाखवते इंगा.

दुसऱ्या दिवशी हुगळीचं गढूळ पाणी मागे पडून समुद्र निळा झाला. होडीपुढे डॉल्फिन उड्या मारत होते, एक कासव सुस्त तरंगत गेलं. गुरुदत्त हरखून मला हाका मारत होता. मी कॅमेऱ्याची काच पुसत राहिले.

दुपारी वारा पडला. डॉल्फिन गायब झाले. वायव्येला आभाळ काळं झालं. कालबैशाखी, इथलं वैशाखातलं वादळ! गुरुदत्त शिडाच्या दोराशी धावला.

"हुकूम दे, मधू."

"देते की. कॅमेऱ्याकडे तोंड कर आधी."

तेवढ्यात समोरचं पाणी फुगलं. व्हेल! होडीहून लांब पाठ! मी दोन्ही हातांनी सुकाणू ओढलं. होडी वळली आणि वारा आदळला. शीड ताणलं. होडी कलली. मी जिवाच्या आकांताने ओरडले. गुरुदत्त गुडघ्यांवर बसून दोरखंड उचलून बघायला लागला.

"मेल्या, शोधतोस काय?"

"पाल! गेल्या वर्षीपण हेच ओरडलीस. समुद्रात कुठून आली पाल?"

मी गारच पडले. मी होडी शिकले हुगळीच्या नावाड्यांकडून. एरवी याच्याशी मराठीत बोलते, पण घाबरले की त्यांचंच बंगाली तोंडातून निघतं, आणि ते याला येत नाही. दोन्ही वेळा मी ओरडले होते 'पाल नामाओ', म्हणजे शीड उतरव.

"शीड! शीड उतरव!"

क्षणात दोर सुटला. शीड खाली आलं. होडी सावरली.

पाऊस ओसरल्यावर मी विचारलं, "चौकशीत हे पालीचं का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, भीतीने बरळतेयस. चारचौघांत तुझं हसं कशाला करायचं?"

वर्षभर ज्याला शिव्या घातल्या, तो मला सांभाळून घेत होता. मला माझीच लाज वाटली.

पोर्ट ब्लेअरला उतरताच कॅमेऱ्यातली चित्रफीत मी क्लबला पाठवली. सोबत लिहिलं, गेल्या वर्षीची चूक गुरुदत्तची नाही, कप्तानाची. मग सलीलला फोन लावला. म्हटलं, "तुझा गुडघा माझ्या ओरडण्यामुळे गेला, रे."