शब्द कुणी टाकायचा

माझ्या चष्म्यावर वाफ बसली होती म्हणून हे सगळं घडलं. एरवी काकू कोण आणि काका कोण, एवढं मला कळतं.

सभागृह आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत एक खिडकी होती. उष्ट्या कपांचा ट्रे मी तिथे ठेवला, पलीकडून धुतलेल्या कपांचा ट्रे आला आणि गरम वाफ थेट माझ्या तोंडावर. मला दिसत होते ते फक्त कोपरापर्यंत फेसाने माखलेले दोन हात.

“काकू, या कपावर लिपस्टिक तशीच राहिलीय,” मी म्हटलं.

“द्या इकडे.” आवाज चांगला भारदस्त होता. “आणि काकू नका म्हणू. काका म्हणा हवं तर... पण तेही जरा लवकरच होईल.”

मी घाईघाईने चष्मा पुसला. पलीकडे एक उंच तरुण उभा होता, फुलाफुलांचा एप्रन बांधून. तो हसत नव्हता, पण हसू दाबताना त्याच्या गालावर एक खळी पडली होती. तेवढ्यानेच माझी पंचाईत झाली.

“एक कप किती वेळ घासता हो तुम्ही?”

“सवय आहे. मी प्राण्यांचा डॉक्टर. ऑपरेशनच्या आधी हात असेच घासतो.”

“म्हणजे पेशंटची तक्रार नसणार.”

“मांजरी करतात. त्यांना काहीच पसंत पडत नाही. तुमच्यासारखंच.”

आमचं चहापान म्हणजे शहरातल्या सगळ्या धर्मांच्या बायकांनी एकत्र येऊन चालवलेला उद्योग. तिकिटं विकायची, घरातले ठेवणीतले कप आणायचे, टेबलं सजवायची आणि जमेल त्या पैशांतून हुशार, गरजू मुलींची कॉलेजची फी भरायची. एकाच प्रार्थनास्थळातल्या दोघींनी शेजारी बसायचं नाही, हा नियम. वर्षभर भांडी घासणाऱ्या बायकांनी त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचं नाही, हा दुसरा. ते काम नवऱ्यांचं, भावांचं, मुलांचं. आणि त्यांनी बाहेर यायचं नाही. तरी फेसाने माखलेले हात दिसले आणि सवयीने माझ्या तोंडून ‘काकू’च निघालं.

तिसरा नियम माझ्या आईने घातला होता. ती अध्यक्ष. फार पूर्वी इथेच दोन टेबलांवरच्या बायकांनी आपापल्या मुलांची सोयरीक जुळवली आणि ती मोडली. मग ‘तुमचे लोक, आमचे लोक’ सुरू झालं. पुढच्या वर्षी निम्मी टेबलं रिकामी राहिली आणि दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीला कॉलेज सोडून घरी बसावं लागलं. आईने तेव्हा कानाला खडा लावला. चहापानातल्या बायकांमध्ये सोयरिकीचा विषय काढायचा नाही... कधीच नाही.

डॉक्टरची आई आमच्या आईची चहापानातली मैत्रीण. तिचा धर्म वेगळा, आमचा वेगळा. दोघी मिळून टेबलांवरची फुलं लावायच्या आणि रंगावरून गोड भांडायच्या.

चहापानानंतरच्याच आठवड्यात डॉक्टर आमच्या चष्म्याच्या दुकानात हजर झाला. मी तिथे डोळे तपासते.

“दिसत नाही हल्ली,” तो म्हणाला.

मी त्याला खुर्चीत बसवलं, समोरचा तक्ता उजळला. सर्वांत मोठं अक्षरसुद्धा त्याने चुकीचं सांगितलं.

“एवढं दिसत नसेल तर तुम्ही दुकान कसं शोधलंत?”

“वासावर. प्राण्यांकडून शिकलो.”

“सरळ बसा. हनुवटी इथे. माझ्याकडे नाही, दिव्याकडे बघा.”

“तिथेच तर अडतंय...”

त्याची नजर इतकी ठणठणीत होती की पलीकडच्या दुकानाची पाटी तो खुर्चीतून वाचत होता. तरी तो पुन्हा आला. मग चष्म्याची चौकट बघायला, मग बहिणीसाठी गॉगल बघायला. शेवटी दुकानाच्या मालकीणबाईच म्हणाल्या, “अगं, त्याला बाहेर कुठे तरी भेट. माझ्या खुर्चीची गादी झिजतेय.”

मग आम्ही बाहेर भेटू लागलो. दवाखाना बंद करून तो यायचा, शर्टाला कुणाचे तरी केस चिकटलेले असायचे आणि मी ते वेचत बसायचे. भुरभुर पाऊस असला की एकाच छत्रीतून नदीकाठच्या रस्त्याने चालायचं. छत्री तो माझ्याकडे इतकी कलती धरायचा की त्याचा अर्धा खांदा चिंब व्हायचा. बोलताना ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. मला फक्त एवढं कळत होतं की तो दुकानाच्या दारात दिसला की माझं गिऱ्हाइकाकडे लक्ष राहत नाही.

एका संध्याकाळी पुलाच्या कठड्याला टेकून तो म्हणाला, “मला दूरच्या शहरातल्या प्राण्यांच्या इस्पितळात बोलावलंय. मोठं काम आहे. हो म्हटलं तर... पुष्कळ वर्षं तिकडेच.”

“आणि नाही म्हटलं तर?”

“नाही म्हणायला कारण लागतं ना, चष्मिष.” त्याने माझ्याकडे पाहिलं. “घरच्यांच्या मनाविरुद्ध मला नाही करायचं काही. तुलाही नाही, माहितीये मला. आपण आधी आयांच्या कानावर घालू?”

आम्ही घातलं. म्हणजे घालायचा प्रयत्न केला. मी आईपाशी डॉक्टरचं नाव काढलं. ती फुलदाणी पुसत होती. क्षणभर तिचा हात थांबला. मग म्हणाली, “चांगला मुलगा आहे,” आणि पुन्हा पुसायला लागली. मी थांबले. पुढे काहीच नाही. मला वाटलं, हा नकारच. तिची जन्मभराची मेहनत, त्या मुलींचं शिक्षण, आणि मी जाऊन त्यालाच सुरुंग लावू?

त्याच्याकडेही तेच. “आई म्हणाली, मुलगी गुणाची आहे. मी म्हटलं, मग? तर गप्पच बसली.”

“म्हणजे नाहीच.”

“हो... नाहीच असणार.”

आम्ही दोघं शहाणी मुलं. आईच्या तोंडून नकार वदवून घ्यायचा आणि तिला अवघडून टाकायचं, हे आम्हाला प्रशस्त वाटलं नाही. तो गेला. जाताना स्टेशनवर म्हणाला, “डोळ्यांची काळजी घे.” मी म्हटलं, “ते माझंच काम आहे.” दोघंही हसलो आणि गाडी हलल्यावर मला जिना उतरताना पायऱ्या दिसेनात.

यंदाच्या चहापानाला तो आला. एकटा नाही. तिकडच्या इस्पितळातच काम करणारी त्याची होणारी बायको बरोबर होती. त्याच्याच धर्माची, मोकळी, बडबडी. तिला सगळ्यांनी मधल्या टेबलावर बसवलं आणि दोन मिनिटांत ती फी मिळालेल्या मुलींशी गप्पा मारायला लागली. तिचा राग करायची मी फार खटपट केली. जमलं नाही.

तो एप्रन बांधून नेमाने आत गेला. मी ट्रे घेऊन खिडकीशी गेले.

“कशी आहेस?”

“बरी. तू?”

“बरा.”

एवढंच बोलणं झालं, तोच खिडकीलगतच्या टेबलाशी आमच्या दोघांच्या आया येऊन बसल्या. फुलांची दाटी मध्ये होती, त्यांना आम्ही दिसत नव्हतो.

“सून गोड आहे हो तुमची,” आई म्हणाली. “खरं सांगू? मला वाटलं होतं, तुम्ही माझ्या मुलीसाठी शब्द टाकाल.”

चमचा बशीवर ठेवल्याचा आवाज आला.

“मी?” डॉक्टरची आई म्हणाली. “अहो, नियम तुमचा. तुम्ही मुलीकडच्या. मी विचारलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, मैत्रीच्या आडून आमची मुलगी ओढतायत. मी तुमच्या तोंडाकडे बघत बसले होते.”

“आणि मी तुमच्या. मी अध्यक्ष. मीच नियम मोडून तुमच्यापुढे विषय काढला, तर तुम्हाला नाही म्हणायची चोरी झाली असती.”

“मी कशाला नाही म्हणतेय? मी तर तिच्यासाठी शाल घेऊन ठेवली होती.”

एकमेकींचा मान राखता राखता दोघींनी आमच्या जन्माचं मातेरं केलं होतं. आणि त्यांच्यावर चिडावं म्हटलं, तर चिडायला जागा नव्हती. दोघींच्याही मनात काही वाईट नव्हतं.

मी वळून पाहिलं. डॉक्टरचे हात पाण्यात तसेच थांबले होते.

“ऐकलंस?” तो पुटपुटला.

“ऐकलं.”

“मी... मी आत्ता जाऊन बोलतो. सगळ्यांसमोर. तू फक्त हो म्हण.”

मला हो म्हणायचं होतं. कुणालाही कल्पना येणार नाही इतकं म्हणायचं होतं. मधल्या टेबलावर ती मुलगी कुणाच्या तरी विनोदावर मान मागे टाकून हसत होती. तिने काय केलं होतं? तिला तर कुणीतरी सरळ विचारलं होतं आणि तिने सरळ हो म्हटलं होतं.

“माझं प्रेम आहे तुझ्यावर,” मी म्हटलं. “होतं नाही, आहे. हे एकदा तरी तुला सांगायचं होतं. पण आता नको. तिच्याकडे जा. तिला तुझी वाट बघायला लावू नकोस.”

तो हात पुसत म्हणाला, “माझंही आहे. तूही ऐकून ठेव.” आणि त्याने एप्रनची गाठ सोडली.

सगळं आटोपल्यावर मी आणि आई चालत घरी निघालो. कपांची टोपली दोघींच्या मध्ये, एकेक कडी एकेकीच्या हातात. चौकात आल्यावर आईने विचारलं,

“तुला तो आवडत होता?”

“हो.”

“मग मला विचारायचंस ना गं.”

“तू विचारायचंस ना, आई.”

तिने टोपली खाली ठेवली. रस्ता मोकळा होता, तरी तिने माझा हात घट्ट धरला आणि आम्ही किती तरी वेळ तिथेच उभ्या राहिलो. पलीकडे जायची घाई दोघींनाही नव्हती.